‘लिनक्सला सपोर्ट नाही’ म्हणजे नेमके काय?

इंटरनेटची नवी जोडणी घेताना किंवा बिघाडाची तक्रार नोंदविताना ग्राहकाच्या संगणकावर विंडोजखेरीज अन्य प्रणाली असली, तर त्याला बहुधा एक ठरावीक वाक्य ऐकावे लागते : ‘लिनक्सला आमचा सपोर्ट नाही.’ मॅकिंटॉश वापरणाऱ्यांनीही हा अनुभव अनेक वर्षे घेतला. वास्तविक इंटरनेट ही कोणत्याही एका कंपनीच्या प्रणालीवर अवलंबून नसलेली व्यवस्था आहे. कोणत्याही बनावटीच्या संगणकाने कोणत्याही दुसऱ्या संगणकाशी बोलावे, या हेतूनेच तिची रचना झाली. असे असताना जोडणीच्या दारातच विंडोजची अट का घातली जाते, ती कितपत आवश्यक आहे आणि ग्राहकाने सेवा पुरवठादाराकडे नेमके काय मागावे, हे प्रश्न समजून घेण्यासारखे आहेत.

एक वाक्य, तीन अर्थ

‘सपोर्ट नाही’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिला अर्थ असा, की जोडणी त्या प्रणालीवर चालूच शकत नाही. दुसरा, जोडणी चालते, परंतु ती कशी जुळवायची हे ग्राहक सेवा केंद्रातील कर्मचाऱ्याला शिकविलेले नाही. तिसरा, कंपनीने लॉग-इनसाठी स्वतःचा खास प्रोग्राम सक्तीचा केला आहे आणि तो केवळ विंडोजसाठी तयार केलेला आहे.

पैकी पहिली परिस्थिती आज फारच क्वचित आढळते. दुसरी सर्वांत अधिक आढळते आणि ती फारशी हानिकारकही नसते. तिसरी मात्र कंपनीच्या निर्णयातून निर्माण होते आणि म्हणूनच मागणी केल्यास दूरही होऊ शकते. ग्राहकाने प्रथम आपली अडचण यांपैकी कोणती, हे ओळखणे आवश्यक आहे. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच अनेक तक्रारी वाया जातात.

सुरुवात युनिक्सपासून

भारतातील इंटरनेटचा आरंभ विंडोजवर झालेला नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात मुंबईतील जुहू येथील ‘एनसीएसटी’ ही संस्था आणि देशभरातील आयआयटी सहभागी होत्या. तेथील यंत्रणा प्रामुख्याने युनिक्स प्रणालीवर चालत असे. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा स्वस्त पर्याय होता तो ‘शेल अकाउंट’चा. ग्राहकाने दूरध्वनीवरून निगमच्या यंत्रणेशी संपर्क साधायचा आणि काळ्या पडद्यावर केवळ अक्षरांच्या रूपात ई-मेल व संकेतस्थळे वाचायची, अशी ती पद्धत. त्यासाठी मोडेम आणि साधा टर्मिनल प्रोग्राम पुरेसा असे. डॉस, मॅकिंटॉश, लिनक्स असा भेद तेथे नव्हता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली आणि ग्राहकसंख्या वाढू लागली. डायल-अप जोडणीसाठी वापरली जाणारी ‘पीपीपी’ ही पद्धतही खुली होती. तिचे प्रमाणित स्वरूप १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि लिनक्समध्येही ती उपलब्ध होती. फोन क्रमांक, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड एवढे ठाऊक असले, की काम भागत असे.

अडचण आली ती यंत्राच्या बाजूने. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या आत बसविले जाणारे स्वस्त मोडेम बाजारात आले. त्यांतील सिग्नलवरील प्रक्रियेचे बरेचसे काम मोडेमऐवजी संगणकाचा प्रोसेसर करी आणि त्यासाठी लागणारे ड्रायव्हर केवळ विंडोजसाठी मिळत. त्यामुळे त्यांना ‘विनमोडेम’ असे नावच पडले. लिनक्सच्या अनेक वापरकर्त्यांनी त्या काळी अधिक पैसे मोजून बाहेरून जोडावयाचा सीरियल मोडेम घेतला, कारण तो कोणत्याही प्रणालीवर चालत असे. येथे सेवा खुली होती, बंदिस्त होते ते यंत्र. पुढील काळातही हाच तिढा वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहिला.

यूएसबी की इथरनेट?

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे, असे ठरले. २००५ च्या प्रारंभी बीएसएनएलची ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची ‘ट्राय बँड’ या सेवा सुरू झाल्या. दोन्ही एडीएसएल तंत्रावर, म्हणजे दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरच चालत.

या काळातील मोडेम दोन मार्गांनी संगणकाला जोडता येत : यूएसबी किंवा इथरनेट. यूएसबी केबल वापरल्यास ड्रायव्हर लागे आणि तो सोबतच्या सीडीत बहुधा विंडोजपुरताच असे. इथरनेट केबल वापरल्यास मात्र ड्रायव्हरचा प्रश्नच उद्भवत नसे. तंत्रज्ञाने घरी येऊन यूएसबी केबल जोडली आणि सीडी चालली नाही, की ‘लिनक्सवर चालत नाही’ असा निष्कर्ष निघे. तीच केबल बदलून इथरनेट लावली असती, तर काही मिनिटांत काम झाले असते.

युरोपात हा प्रश्न अधिक तीव्र होता. तेथे अनेक कंपन्या केवळ यूएसबीवर चालणारे मोडेम देत. अल्काटेलच्या ‘स्पीडटच यूएसबी’ या मोडेममध्ये तर संगणकानेच प्रत्येक वेळी फर्मवेअर भरावे लागे. स्वयंसेवी प्रोग्रामरांनी त्यासाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहिले आणि पुढे ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले.

लॉग-इनची पद्धतही खुलीच होती. एडीएसएलसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘पीपीपीओई’ या पद्धतीचे वर्णन फेब्रुवारी १९९९ मध्ये जाहीरपणे प्रसिद्ध झाले. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीच्या गाभ्यात तिची सोय होती. विंडोजमध्ये ती अंगभूत स्वरूपात त्याच वर्षी आलेल्या एक्सपी आवृत्तीपासून मिळू लागली. त्याआधीच्या विंडोजसाठी स्वतंत्र प्रोग्राम टाकावा लागत असे. तात्पर्य, ‘लिनक्स मागे आहे’ ही समजूत निदान या बाबतीत वस्तुस्थितीला धरून नव्हती.

केबलवाल्याचा प्रोग्राम

खरी कोंडी झाली ती शहरांतील केबल इंटरनेटमध्ये. मुंबई, पुणे, ठाण्यासारख्या शहरांत २००० नंतरच्या दशकात सोसायट्यांच्या गच्चीवरून गच्चीवर केबल टाकून जोडण्या दिल्या गेल्या. अशा अनेक सेवांमध्ये ग्राहकाला लॉग-इनसाठी कंपनीने दिलेला प्रोग्राम सुरू ठेवावा लागे. हा प्रोग्राम ठरावीक काळाने सर्व्हरला ‘ग्राहक हजर आहे’ असा संदेश पाठवी. संदेश थांबला, की जोडणी तुटे.

प्रोग्राम विंडोजचा आणि संदेशाचे स्वरूप गुप्त, त्यामुळे अन्य प्रणालीच्या ग्राहकापुढे वाटच उरत नसे. वापरकर्त्यांनी यावर तोडगा काढला तो संदेशांचा अभ्यास करून. कोणत्या वेळी कोणता संदेश जातो, हे पाहून त्यांनी लिनक्ससाठी पर्यायी प्रोग्राम लिहिले आणि मोफत वाटले. परंतु कंपनीने सर्व्हरवर लहानसा बदल केला, तरी हे प्रोग्राम बंद पडत. कालांतराने काही पुरवठादारांनी लॉग-इनसाठी ब्राउझरमध्ये उघडणारे पान दिले, काहींनी लिनक्ससाठीही प्रोग्राम उपलब्ध केला. ब्राउझरमधील साध्या पानाने सर्व प्रणालींचा प्रश्न एकदमच सुटतो, हे त्यातून सिद्ध झाले.

डोंगलचा धडा

२००८ नंतरच्या काही वर्षांत यूएसबी डोंगल म्हणजेच ‘नेट सेटर’ लोकप्रिय झाले. हे यंत्र संगणकाला लावताच प्रथम सीडी ड्राइव्ह असल्याचे भासवी. त्या सीडीतून विंडोजचा प्रोग्राम चालू होई आणि त्यानंतरच यंत्र मोडेमचे रूप घेई. लिनक्सवर हा प्रोग्राम चालत नसल्यामुळे डोंगल सीडीच्याच रूपात अडकून पडे. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाच्या एका छोट्या मुक्त प्रोग्रामने ही अडचण दूर केली. हा प्रोग्राम डोंगलला ठरावीक संदेश पाठवून मोडेमच्या रूपात आणतो.

त्यापुढील माहिती अगदी मोजकी होती. जीएसएमसाठी *९९# आणि सीडीएमएसाठी #७७७ हा क्रमांक, तसेच जीएसएम सेवेच्या बाबतीत कंपनीचे एपीएन नाव. जगभरातील मोबाइल कंपन्यांची ही माहिती स्वयंसेवकांनी गोळा करून एक सामाईक यादी तयार केली. त्यात भारतीय कंपन्याही आहेत. त्यामुळे लिनक्सच्या वापरकर्त्याला पुढे केवळ देश आणि कंपनी निवडणे पुरेसे झाले. जी माहिती कंपन्यांनी एका पानावर छापून द्यायची, ती ग्राहकांनीच परस्परांना पुरविली.

खोक्याच्या आत लिनक्सच

या सगळ्या प्रकरणात एक विसंगती आहे. सेवा पुरवठादार घरी बसवितात त्या राउटरपैकी बहुसंख्य राउटर स्वतः लिनक्सवरच चालतात. २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाले. परवान्याच्या अटीनुसार त्यातील आज्ञावली कंपनीला खुली करावी लागली आणि त्यातूनच पुढे राउटरसाठीची ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली उभी राहिली. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे. ‘लिनक्सला सपोर्ट नाही’ असे सांगणारी कंपनी प्रत्यक्षात ग्राहकाच्या घरी स्वतःच लिनक्सचे यंत्र ठेवून जाते!

राउटरमुळे मूळ प्रश्नाचे स्वरूपही पालटले. पूर्वी संगणक स्वतः लॉग-इन करी, आता ते काम राउटर करतो. राउटरला वायफायने जोडलेला संगणक विंडोजचा आहे की अन्य कशाचा, याच्याशी जोडणीला काहीही कर्तव्य उरत नाही.

कंपन्यांची बाजू

सेवा पुरवठादारांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. ग्राहक सेवा केंद्रातील कर्मचारी समोर ठेवलेल्या प्रश्नावलीनुसार बोलतो. ‘स्टार्ट बटण दाबा, कंट्रोल पॅनेल उघडा’ अशा पायऱ्या त्याला पाठ असतात. लिनक्सच्या उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट अशा अनेक आवृत्त्या आहेत आणि प्रत्येकीत पडद्यावरील मांडणी वेगळी असू शकते. त्या सर्वांचे प्रशिक्षण देणे खर्चिक आहे. वापरकर्त्यांची संख्याही तुलनेने कमी. ‘स्टॅटकाउंटर’ या संस्थेच्या मोजणीत जगभरातील डेस्कटॉप संगणकांमधील लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथमच ४ टक्क्यांवर गेला.

हा युक्तिवाद प्रशिक्षणापुरता रास्त आहे. मात्र माहिती दडविण्याचे किंवा विशिष्ट प्रोग्राम सक्तीचा करण्याचे समर्थन त्यातून होत नाही. जबाबदारीची सीमारेषा ठरवून हा वाद मिटू शकतो. राउटरच्या इथरनेट पोर्टपर्यंत सेवा पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीची, त्यापुढील संगणकाची ग्राहकाची. विद्युत मंडळ मीटरपर्यंत वीज देते, घरातील पंखा कोणत्या कंपनीचा आहे हे विचारत नाही, त्याच धर्तीवर.

कायदा काय सांगतो?

अशी सीमारेषा अन्यत्र कायद्यानेच आखलेली आहे. अमेरिकेत १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने टेलिफोन कंपनीचे एकाधिकार मोडले आणि जाळ्याला अपाय न करणारे कोणत्याही बनावटीचे उपकरण जोडण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला. पुढे डायल-अप मोडेमची खुली बाजारपेठ उभी राहण्यास या निर्णयाचा मोठा हातभार लागला. युरोपीय संघाच्या २०१५ च्या खुल्या इंटरनेटविषयक नियमावलीत आपल्या पसंतीचे उपकरण वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. जर्मनीत कंपनीचाच राउटर वापरण्याची सक्ती १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने संपुष्टात आली.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली आणि २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व मान्य केले. मात्र या नियमांचा रोख प्रामुख्याने संकेतस्थळे व मजकूर यांच्यातील भेदभावावर आहे, ग्राहकाच्या संगणकप्रणालीवर नाही. दुसरीकडे, सरकार स्वतः मुक्त प्रणालींचा पुरस्कार करीत आले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही मराठीसह अनेक भारतीय भाषांतून चालणारी लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आणली. शासकीय कामकाजात मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केले. सरकार ज्या प्रणालीचा आग्रह धरते, ती वापरणाऱ्या नागरिकाला जोडणीच्या दारात परके ठरविले जाऊ नये, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

आजच हा विषय का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबविला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षेची योजना कंपनीने दिली असली, तरी ती तात्पुरती आहे. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. सुस्थितीत असलेले अनेक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. घरातील मुलांचा संगणक, लहान दुकानाचा हिशेबाचा संगणक, शाळेची प्रयोगशाळा यांच्यापुढे आता नवे यंत्र घेणे, असुरक्षित प्रणाली वापरत राहणे किंवा लिनक्सकडे वळणे असे मार्ग उरतात. ज्यांना नवा खर्च परवडणारा नाही, त्यांच्यासाठी शेवटचा मार्ग महत्त्वाचा आहे. तो मार्ग धरल्यावर पहिल्याच बिघाडाला ‘आधी विंडोज टाका, मग बोला’ असे उत्तर मिळाले, तर संगणक वाचवूनही उपयोग नाही.

त्यातच अडवणुकीची जागाही बदलली आहे. फायबर जोडणीत राउटरची सेटिंग्ज ग्राहकाला बघू न देणे, स्वतःचा राउटर लावण्यास नकार देणे किंवा खात्याचे सर्व व्यवहार केवळ फोनवरील अ‍ॅपमधून करण्यास भाग पाडणे हे तिचे नवे प्रकार आहेत.

मागणी कोणती करावी?

‘लिनक्सला सपोर्ट द्या’ एवढीच मागणी मोघम ठरते आणि ती नाकारणेही सोपे जाते. त्याऐवजी पुढील मुद्दे लेखी स्वरूपात, शक्यतो जोडणी घेण्यापूर्वीच विचारावेत :

१. लॉग-इनची पद्धत कोणती? पीपीपीओई, ब्राउझरमधील पान, की कंपनीचा प्रोग्राम? प्रोग्राम असल्यास त्याला पर्याय कोणता?

२. जोडणीची तांत्रिक माहिती द्यावी : वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, एमटीयू आणि डीएनएस. पीपीपीओईमध्ये एमटीयू सामान्यतः १४९२ असतो आणि तो चुकल्यास काही संकेतस्थळे उघडतात, काही अडकतात.

३. जोडणी एखाद्या यंत्राच्या मॅक क्रमांकाशी बांधलेली आहे का? असल्यास संगणक वा राउटर बदलल्यावर नवा क्रमांक कसा नोंदवायचा?

४. ग्राहकाला स्वतःचा राउटर लावता येईल का? कंपनीचे यंत्र ‘ब्रिज मोड’मध्ये ठेवून मिळेल का?

५. खात्याचे व्यवहार कोणत्याही ब्राउझरमधून करता येतील का?

६. तक्रार नोंदविताना संगणकप्रणालीची अट घातली जाणार नाही, एवढे लेखी मिळेल का?

यातील एकाही मुद्द्यासाठी कंपनीला लिनक्सचा तज्ज्ञ नेमावा लागत नाही. बहुतेक उत्तरे एका कागदावर मावतात. एकाच सोसायटीतील किंवा शाळेतील अनेक ग्राहकांनी मिळून पत्र दिल्यास त्याची दखल लवकर घेतली जाण्याची शक्यता अधिक.

तक्रार करताना

बिघाड नोंदविताना संगणकाचा उल्लेख शक्यतो टाळून यंत्रावरील दिव्यांची स्थिती सांगावी. फायबरच्या खोक्यावरील ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. एडीएसएल मोडेमवरील ‘डीएसएल’ दिवा स्थिर नसेल, तर दोष बहुधा तारेत असतो. घरातील फोनही त्याच वायफायवर चालत नसेल, तर तेही आवर्जून सांगावे. या सर्व खुणा संगणकप्रणालीशी निगडित नसल्यामुळे टाळाटाळीला जागा राहत नाही.

तरीही दाद न मिळाल्यास २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण नियमांचा आधार घेता येतो. प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि तो टिपून ठेवणे ग्राहकाच्या हिताचे आहे. निवारण समाधानकारक नसेल, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. सदोष सेवेबद्दल ग्राहक आयोगाचा मार्ग त्यापलीकडे खुला असतोच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

डायल-अपपासून फायबरपर्यंतचा अनुभव पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे पद्धत खुली आणि माहिती उपलब्ध होती, तेथे पर्यायी प्रणालीच्या वापरकर्त्यांनी कंपनीच्या मदतीवाचून आपला मार्ग काढला. जेथे माहिती बंद ठेवली गेली, तेथेच ते अडले. म्हणूनच ग्राहकाची मागणी मर्यादित, पण ठाम असावी : शिकवू नका, हवे तर मदतही करू नका, परंतु माहिती द्या आणि आडकाठी करू नका.